कधी सुरू होते, कधी होत नाही : गाडीतला लपलेला दोष कसा पकडायचा

मुलुंडला एलबीएस रस्त्यावरच्या सीएनजी पंपावर रात्री दहा वाजता आमची गाडी पहिल्यांदा अडली. अर्धा तास रांगेत काढला, गॅस भरला, पैसे दिले, खाली उतरलेले सगळे परत आत बसले, चावी फिरवली आणि बॉनेटखालून फक्त एक ‘टक्’ आला. मागे रिक्षांची रांग. पंपावरच्या पोरांनी गाडी ढकलून बाजूला लावून दिली. दहा-पंधरा मिनिटांनी चावी फिरवली तर पहिल्या फटक्यात सुरू.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली. तिथे दहादा सुरू केली, दहादा झाली. “ताई, बॅटरी गेलीय, बदलून टाका.” बदलली. तीन आठवड्यांनी पुन्हा तोच पंप आणि तोच ‘टक्’. मग सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, उतरवून त्याचे कार्बन (मोटरला करंट पोचवणारे, झिजणारे तुकडे) बदलले. दोष जागच्या जागी. दोन्ही खर्च वाया गेल्यावर मी ठरवलं की आता एकही पार्ट अंदाजाने बदलायचा नाही. पुढचा महिनाभर जे शिकले, जे शेजारच्या काकांकडून आणि एका भल्या वायरिंगवाल्याकडून समजून घेतलं, ते नवीन गाडी घेतलेल्या कुणालाही वापरता यावं म्हणून इथे पायरीपायरीने लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. येणारा-जाणारा दोष गाडी व्यवस्थित सुरू होत असताना सापडत नाही. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत तो निघून गेलेला असतो, म्हणूनच तिथे अंदाज बांधले जातात. पुरावा मिळतो तो गाडी अडलेल्या त्या पाच-दहा मिनिटांत, आणि तेव्हा गाडीजवळ तुम्हीच असता. त्या पाच मिनिटांत काय बघायचं आणि त्याची तयारी आधीपासून कशी करून ठेवायची, यावरच पुढचं सगळं आहे.

पहिली पायरी : कान द्या, दिवे बघा

गाडी सुरू झाली नाही की आपण घाबरून चावी पुन्हा पुन्हा फिरवतो. ते करू नका. एकदाच फिरवा आणि लक्ष द्या: इंजिन फिरतंय का? सेल्फचा ‘घर्रर्र घर्रर्र’ आवाज येत असेल तर इंजिन फिरतंय, पण पकडत नाही. तो आवाजच नसेल तर इंजिन फिरतच नाही. या दोन दोषांचा एकमेकांशी जवळपास संबंध नसतो. सेल्फ जोमाने फिरत असताना बॅटरी बदलणं म्हणजे पोट दुखत असताना चष्म्याचा नंबर बदलणं. गॅरेजला फोन केला तरी पहिलं वाक्य हेच सांगा: ‘सेल्फ फिरतोय’ किंवा ‘सेल्फ फिरत नाही’. नुसतं ‘गाडी चालू होत नाही’ यातून समोरच्याला काहीच कळत नाही.

सेल्फ फिरत नसेल तर डॅशबोर्डच्या आणि आतल्या छताच्या दिव्याकडे बघत चावी आणखी एकदा फिरवा. इथे चार वेगवेगळी चित्रं दिसू शकतात.

दिवे मंद होत जातात आणि भराभर ‘टकटकटकटक’ आवाज येतो: बॅटरीत दम नाही, किंवा तिच्या टर्मिनलवर गंज आहे.

दिवे क्षणात पूर्ण विझतात, घड्याळही शून्यावर जातं, मग थोड्या वेळाने सगळं परत येतं: टर्मिनल सैल आहे. हाताने हलवून बघा, बहुतेक वेळा ते फिरतंच.

दिवे लख्ख, आवाज एकच ‘टक्’: सेल्फच्या सोलेनॉइडपर्यंत (मोटरला करंट जोडून देणाऱ्या स्विचपर्यंत) हुकूम पोचला, पण मोटर फिरण्याएवढा जाड करंट मिळाला नाही. सोलेनॉइडचे आतले संपर्क झिजलेत, कार्बन संपलेत, किंवा जाड केबल आणि अर्थिंगमध्ये (करंटच्या मायनसकडे परतीच्या वाटेत) खोट आहे.

दिवे लख्ख आणि आवाज अजिबात नाही: हुकूमच पोचला नाही. चावीचा स्विच, क्लचखालचा स्विच, रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), फ्यूज किंवा इमोबिलायझर (चावी ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा).

माझी गाडी तिसऱ्या चित्रात बसत होती, हे मला पहिल्या रात्री ओळखता आलं असतं तर बॅटरीचे पैसे वाचले असते. ऑटोमॅटिक गाडी असेल तर याच वेळी गिअर ‘पी’मधून ‘एन’मध्ये टाकून बघा. तिथे सुरू झाली तर गिअरजवळचा स्विच संशयित.

दुसरी पायरी : डायरी

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही ठेवा. गाडी अडली की तारीख आणि वेळ, इंजिन गरम होतं की थंड, बंद केल्यावर किती मिनिटांनी सुरू करत होतात, पाऊस किंवा दमट हवा होती का, टाकीत पेट्रोल किती, वरच्यापैकी कोणतं चित्र दिसलं, आणि शेवटी कशाने सुरू झाली, एवढं लिहा. जमलं तर मोबाईलवर डॅशबोर्डचा आवाजासकट व्हिडिओ घ्या.

चार नोंदी झाल्या की नमुना दिसू लागतो. सकाळी पहिल्यांदाच अडते आणि मग दिवसभर ठीक चालते, तर रात्रीत करंट कुठेतरी झिरपतोय किंवा बॅटरी म्हातारी झालीय. फक्त गरम असताना अडते, तर केबल, सोलेनॉइड किंवा क्रँक सेन्सर (इंजिनचा मुख्य दांडा कुठे आहे ते संगणकाला सांगणारा). पाऊस पडला की अडते, तर ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल, स्पार्क प्लगची भोकं, फ्यूज बॉक्स. चार दिवस उभी राहिली की अडते, तर पुन्हा करंटची गळती.

आमच्या वहीत पाच नोंदी झाल्या आणि पाचही वेळा इंजिन गरम होतं, बंद करून पाच ते वीस मिनिटं झाली होती. तीन वेळा सीएनजी पंप, एकदा टोल नाक्याजवळचं हॉटेल, एकदा शाळेचं गेट. मला आतापर्यंत ‘पंपावरच अडते’ असं वाटत होतं. पंपाचा काही संबंध नव्हता. गरम इंजिन बंद करून थोड्या वेळाने सुरू करणं, हा संबंध होता. इंजिन बंद केल्यावर त्याला थंड ठेवणारं पाणी फिरायचं थांबतं, पंखाही बहुधा थांबतो, आणि बॉनेटखालचं तापमान काही मिनिटं उलट वाढतं. सेल्फ बहुधा इंजिनाला चिकटूनच असतो, त्यामुळे तो आणि त्याच्या तारा त्या वेळी सगळ्यात जास्त तापतात.

बॅटरी : दोष द्यायच्या आधी मोजा

यासाठी मल्टिमीटर लागतो. लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, साधा डिजिटल मीटर पाचशे रुपयांच्या आतबाहेर मिळतो आणि घरी आयुष्यभर उपयोगी पडतो. डीसी २० व्होल्टच्या खुणेवर ठेवायचा, लाल तार प्लसवर, काळी मायनसवर.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी सकाळी, काहीही चालू न करता, मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ती भरलेली आहे. १२.२ म्हणजे अर्धी. १२च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. पण हा आकडा एकट्याने पुरत नाही. आतून खचलेली बॅटरीही विश्रांतीत १२.६ दाखवते आणि भार पडला की कोसळते. म्हणून कुणाला तरी चावी मारायला सांगा आणि सेल्फ फिरत असताना मीटर बघा: आकडा साधारण ९.६च्या खाली जायला नको. मग इंजिन सुरू असताना मोजा. १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करतोय. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग मुद्दाम कमी-जास्त करतो, तेव्हा एका नजरेत निकाल देऊ नका, दिवे आणि ब्लोअर लावून पाच मिनिटं बघा.

मुंबईत बॅटरीला खरा त्रास होतो तो रांगेत. लोक म्हणतात की दर दहा फुटांवर गाडी बंद-चालू केल्याने बॅटरी बसते. हिशोब करून बघा. छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ १५० अँपिअर खेचतो असं धरा, दीड सेकंदभर. एका वेळी ०.०६ अँपिअर-तास खर्च. दहा वेळा केलं तरी ०.६. आता इंजिन बंद, चावी ऑन, ब्लोअर जोरात आणि हेडलाइट चालू, हे मिळून २० अँपिअरपर्यंत जातं. अर्ध्या तासात १० अँपिअर-तास! छोट्या हॅचबॅकची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे एका रांगेत पाव बॅटरीहून जास्त संपली, आणि पंपापासून घर दोन किलोमीटरवर, ती भरायला वेळच नाही. रांगेत इंजिन बंद केलंत तर हेडलाइट आणि ब्लोअरही बंद करा.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड असेल तर ती साफ करणं पहिलं काम. हातातली अंगठी, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा. १० नंबरचा पाना घ्या, आधी मायनस सोडवा, मग प्लस. गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं करा, पॉलिश पेपरने धातू चमकवा. लावताना उलट क्रम: आधी प्लस, शेवटी मायनस. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. एक सावधगिरी: बॅटरी सोडवली की संगणकातले साठलेले फॉल्ट कोड पुसले जाऊ शकतात. चेक लाईट लागून गेला असेल तर आधी स्कॅनर लावून कोड लिहून घ्या, मगच पाना हातात घ्या.

केबल आणि अर्थिंग : जिथे आमचा दोष निघाला

या भागावर जरा जास्त वेळ घालवते, कारण गॅरेजमध्ये सगळ्यात कमी बघितलं जातं ते हेच.

बॅटरीच्या प्लसपासून सेल्फपर्यंत एक जाड केबल जाते. परतीचा रस्ता मायनसचा: बॅटरीपासून बॉडीला एक केबल, आणि बॉडीपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सला एक पट्टा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे या पट्ट्याशिवाय त्याला परतीची वाट जवळपास नसते. सेल्फ पूर्ण करंट याच वाटेने परत पाठवतो. मुंबईची खारी, दमट हवा आणि चार पावसाळ्यांचा चिखल नेमका या बोल्टखाली शिरतो. वरून पट्टा धडधाकट दिसतो, गंज असतो बोल्ट आणि बॉडीच्या मध्ये.

किती गंज पुरतो? एका ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा धरा. १५० अँपिअरला तिथे दीड व्होल्ट खर्ची पडतात. सेल्फला १२च्या जागी साडेदहा मिळणार, त्यात बॅटरी स्वतः भाराखाली खाली आलेली. मीटरच्या ओहमच्या खुणेवर हा अडथळा दिसतच नाही, मीटर ‘शून्य’ म्हणतो आणि आपण फसतो. म्हणून मोजायचं ते सेल्फ फिरत असताना, आणि व्होल्टमध्ये.

पद्धत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. गाडीच्या टाकीतून इंजिनला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा फ्यूज काढून ठेवा म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, सुरू होणार नाही. मीटरची एक तार बॅटरीच्या मायनस खांबावर धरा. क्लॅम्पवर नको, मधल्या शिशाच्या खांबावरच धरायची. दुसरी तार इंजिनच्या उघड्या धातूवर, रंग नसलेल्या जागी. आता कुणाला तरी तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आसपास राहायला हवा. मग तसंच प्लस बाजूला: बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड केबलच्या बोल्टपर्यंत. इथे ०.५च्या आत ठीक. पंख्याच्या आणि बेल्टच्या जवळ हात, ओढणी, तारा जाऊ देऊ नका.

आमच्या गाडीत सकाळी थंड इंजिनावर मायनस बाजूला ०.४ आलं. जास्त होतं, पण गाडी सुरू होत होती. मग ठाण्यापर्यंत चक्कर मारून आले, गाडी बंद करून दहा मिनिटं थांबले आणि पुन्हा मोजलं: १.३ व्होल्ट. पंपावर काय होत होतं ते त्या आकड्यात होतं.

मीटर नसेल तर त्याहून सोपी एक युक्ती आहे, आणि ती गाडी अडलेली असतानाच करायची. जंप स्टार्टची (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करण्याची) केबल गाडीत असेल तर तिची फक्त काळी तार घ्या, एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनच्या जाड उघड्या लोखंडाला. चावी फिरवा. आत्तापर्यंत ‘टक्’ करणारी गाडी सुरू झाली तर दोष अर्थिंगचा, यात शंका उरत नाही. हे पंपाच्या आवारात करायचं नाही. चिमटा लावताना ठिणगी पडते. गाडी ढकलून रस्त्याच्या कडेला, मोकळ्या जागी न्या, मगच.

दिव्याची चौकी

काही दोष महिन्यातून एकदाच येतात. तेव्हा मीटर घेऊन कोण बसणार? वायरिंगवाल्याने मला सांगितलेला हा उपाय मला सगळ्यात आवडला.

सेल्फच्या सोलेनॉइडवर जाड केबलशिवाय एक बारीक वायर येते. चावी पूर्ण फिरवली की तिच्यात १२ व्होल्ट येतात, तोच सेल्फला दिलेला हुकूम. त्या वायरला एक तार जोडून, मध्ये २-३ अँपिअरचा फ्यूज टाकून, ती केबिनमध्ये आणायची आणि ५ वॅटचा छोटा १२ व्होल्टचा दिवा लावून दुसरं टोक बॉडीला द्यायचं. दिवा स्टिअरिंगखाली दिसेल असा बसवा. हे काम स्वतः जमत नसेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन सहज करून देतो. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरशी बोला.

आता गाडी कधीही अडू द्या. चावी फिरवताना दिवा लागला आणि सेल्फ फिरला नाही, तर हुकूम पोचला आहे. दोष सेल्फ, सोलेनॉइड किंवा जाड केबलमध्ये. दिवा लागलाच नाही, तर दोष त्याच्या अलीकडे: चावीचा स्विच, क्लच स्विच, रिले, इमोबिलायझर. अर्धी गाडी एका नजरेत बाद!

दिवा लागत नसेल तर पुढे काय? क्लच पूर्ण, अगदी फरशीपर्यंत दाबा. पायाखाली जाड मॅट सरकली असेल तर क्लचचा स्विच दाबला जात नाही, आणि नवशिक्या चालकांच्या बाबतीत हे नेहमी घडतं. फ्यूज बॉक्समध्ये सेल्फचा रिले शोधा. पुष्कळ गाड्यांत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा असतो. दोघांची अदलाबदल करा. गाडी सुरू झाली आणि हॉर्न रुसला, तर रिले नवा घ्या. चावीच्या जुडग्यात घराच्या, कपाटाच्या, दुकानाच्या किल्ल्या लटकवल्या असतील तर त्या वजनाने चावीचा स्विच झिजतो. चावी हलकेच वर-खाली दाबत फिरवल्यावर सेल्फ लागत असेल तर संशय तिथे.

चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहिला तर इमोबिलायझरला चावी ओळखू येत नाहीये. घरची दुसरी चावी लावून बघा, तीही एकटी, बाकी किल्ल्यांपासून सुटी. बटण-स्टार्टच्या गाडीत रिमोटची चपटी बॅटरी उतरली असेल तर रिमोट बटणाला टेकवून धरा आणि ब्रेक किंवा क्लच दाबून सुरू करा. बहुतेक गाड्यांत ही सोय असते.

दिवा लागतो, बॅटरी आणि केबल ठीक आहेत, तरी ‘टक्’च येतो, तर सेल्फवर लाकडी दांड्याने हलकेच दोन टोले द्या आणि चावी मारा. त्याने सुरू झाली तर कार्बन किंवा सोलेनॉइड संपत आलेत. हा घरी पोचण्याचा मार्ग आहे, दुरुस्ती नाही. दुसऱ्या दिवशी सेल्फ उतरवा.

सेल्फ फिरतो, पण गाडी पकडत नाही

इथे इंजिनला तीन गोष्टी हव्यात: इंधन, ठिणगी, आणि क्रँक कुठे आहे याची संगणकाला खबर.

इंधनापासून सुरुवात करा. ब्लोअर आणि गाणी बंद करा, शांत पार्किंगमध्ये चावी फक्त ऑन करा. मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक ‘झूं’ ऐकू यायला हवं. तो पेट्रोल पंप. अडलेल्या वेळी तो आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज, रिले किंवा पंपच. आवाज येतो, पण सकाळी फार वेळ सेल्फ मारावा लागतो? मग चावी तीनदा ऑन-ऑफ करा, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून, आणि चौथ्यांदा सेल्फ मारा. झटकन सुरू झाली तर रात्रीत पाईपमधला दाब उतरतोय.

सीएनजीवाल्यांनी इथे नीट लक्ष द्यावं. बहुतेक सीएनजी गाड्या सुरू होतात पेट्रोलवर आणि इंजिन गरम झालं की गॅसवर जातात. काही नव्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात, पण तुमची तशी आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा. गॅस स्वस्त म्हणून टाकीत दोन लिटर पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवणारे माझ्या ओळखीचे कितीतरी आहेत. ते पेट्रोल जुनं होतं, आणि पंप ज्या पेट्रोलमध्ये बुडून थंड राहायला हवा ते पेट्रोलच नसल्याने तो तापून मरतो. पाव टाकी कायम ठेवा, आणि आठवड्यातून थोडं अंतर पेट्रोलवर चालवा. सीएनजीवर प्लगही लवकर झिजतात. ते कंपनीने दिलेल्या अंतरानुसार बदला. गॅसचा वास येत असेल तर सेल्फ मारायचाच नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद, खिडक्या उघड्या, आणि गाडीपासून लांब.

गरम असताना अचानक बंद पडते, सेल्फ छान फिरतो पण पकडत नाही, आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर काही न करता सुरू होते: क्रँक सेन्सर. सेल्फ फिरत असताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. बऱ्याच गाड्यांत तो थोडा उचलतो. अडलेल्या वेळी तो शून्यावरच पडून राहिला तर संशय बळकट. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातले फॉल्ट कोड वाचण्याच्या जागेला) ब्लूटूथचा छोटा रीडर लावून मोबाईलवर कोड वाचता येतात. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी०३४० कॅम सेन्सरचं, पी०२३० पेट्रोल पंपाचं, पी०६१५ सेल्फच्या रिलेचं. कोड म्हणजे पार्ट बदलण्याची आज्ञा नव्हे. तो सर्किटचं नाव सांगतो, आणि त्या सर्किटमध्ये उंदराने कुरतडलेली वायरही येते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे इतकं होतं की बॉनेट उघडल्यावर लेंड्या आणि कुरतडलेलं रबर दिसतंय का, हे मी सगळ्यात आधी बघते.

डिझेल गाडीत फिल्टर आणि त्याच्या पाईपमधून हवा शिरते का ते आधी बघा. मुंबईच्या हवेत ग्लो प्लगचा (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणाऱ्या प्लगचा) दोष सहसा जाणवत नाही. तो थंडीत महाबळेश्वरला पहाटे जाणवतो.

पावसाळा

दमट हवेत कॉइलला केसाएवढी तडा असली तरी ठिणगी वाट चुकते. बॉनेट उघडून अंधारात इंजिन सुरू असताना बघा, कधीकधी निळी चमक दिसते. प्लगच्या भोकांत पाणी साचलेलं असेल तर ते पुसून काढा.

पण गाडी पाण्यात उभी होती, किंवा हिंदमाता, अंधेरी सबवे अशा ठिकाणी पाण्यातून जाताना बंद पडली, तर वरचं सगळं विसरा आणि सेल्फ मारू नका. एकदाही नाही. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा शहरभर गाड्या पाण्यात अडकल्या होत्या. तसा दिवस पुन्हा आला तर बॅटरीचा मायनस सोडवा, टो करून न्या. विम्यात इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं आहे का, हे मे महिन्यातच बघून ठेवा.

चार दिवस उभी राहिली की बसते

डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम, यांच्यापैकी कुणीतरी रात्रभर करंट पितं. मीटर १० अँपिअरच्या खुणेवर लावा, लाल तार त्याच खुणेच्या भोकात घाला, मायनस केबल सोडवा आणि केबल व खांबाच्या मध्ये मीटर जोडा. दारं बंद, चावी गाडीपासून लांब, आणि अर्धा-पाऊण तास थांबा, कारण संगणक झोपायला वेळ घेतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. ३०० असेल तर दिवसाला ७.२ अँपिअर-तास जातात, तीन-चार दिवसांत छोटी बॅटरी गार. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन उतरेल, चोर त्याच वाटेवर.

गॅरेजमध्ये काय सांगायचं

वहीचं पान दाखवा, व्हिडिओ दाखवा. ‘गाडी गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी सेल्फ मारल्यावर एक टक् येतो, दिवे मंद होत नाहीत’ एवढं एक वाक्य ऐकलं की चांगला मेकॅनिक सरळ बॉनेटखाली जातो. दोष उभा राहत नसेल तर गाडी तिथे ठेवून या, संध्याकाळी गरम करून त्यांनाच सुरू करायला सांगा. पार्ट बदलायचा असेल तर ‘कशावरून?’ हे आदराने विचारा, आणि जुना पार्ट परत मागा.

दुरुस्ती झाल्यावर गाडी एकदा सुरू झाली म्हणजे काम झालं असं धरू नका. दोष ज्या स्थितीत यायचा तीच स्थिती मुद्दाम आणा. आमचा अर्थिंगचा पट्टा एप्रिलच्या एका रविवारी बदलला, बोल्टखालची बॉडी घासून चमकवली, पुन्हा मोजलं: थंड असताना ०.१, गरम झाल्यावर ०.१५. त्यानंतर त्याच पंपावर, त्याच रात्रीच्या रांगेत, आठ वेळा गॅस भरला. स्टिअरिंगखालचा दिवा दोन महिने तसाच ठेवला होता. प्रत्येक वेळी तो लागायचा आणि पाठोपाठ सेल्फ फिरायचा. पहिला पाऊस झाला, दोन दिवस गाडी भिजली, तरी तेच. मग वायरिंगवाल्याकडे जाऊन तो काढून आणला आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये, वहीच्या शेजारी ठेवला.